सात हजारांचे गहाणखत

आजचा थ्रेड जरा लांबणार आहे. विषय आहे कॉलेजातल्या खेळांना मिळणाऱ्या मोठ्या खासगी देणग्यांचा, आणि अशा देणगीतून देणारा नेमके काय विकत घेतो याचा. सुरुवात अमेरिकेतल्या फुटबॉलपासून करू, मुक्काम कोल्हापूरला असेल. मधे भांडुपच्या एका चिखलाने भरलेल्या मैदानावर मात्र थोडे थांबावे लागेल, कारण या इतिहासात माझाही एक लहानसा, आणि सांगायला फारसा अभिमान वाटू नये असा, भाग आहे.

नेहमीच्या वाचकांना मी भांडुपचा आहे हे ठाऊक आहेच. १८४३ साली जॉर्ज क्लार्क नावाचा इंजिनिअर भांडुपला आला होता आणि मुंबई ते ठाणे आगगाडीची कल्पना त्याला इथेच सुचली, हे मी दर तिसऱ्या थ्रेडमध्ये सांगतो. आज पुन्हा सांगितले, आता पुढे जाऊ.

निमित्त असे घडले. माझ्या जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे. गेल्या महिन्यात त्यावर प्रस्ताव आला की फुटबॉलच्या मैदानावर कृत्रिम हिरवळ टाकायची, त्यासाठी मोठा निधी उभारायचा, आणि जो सर्वांत मोठी रक्कम देईल त्याचे नाव मैदानाला द्यायचे. दोन दिवसांत आकडे पडू लागले. कुणी लाख, कुणी पाच लाख. मला विचारले गेले, "तू इतिहासावर लिहितोस ना? मग देणगीच्या आवाहनाचा मसुदा तूच लिही." मसुदा अजून लिहून झालेला नाही. त्याऐवजी हा थ्रेड झाला.

तर अमेरिका. तिथला कॉलेज फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू मारण्याचा आपला खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून, शिरस्त्राण घालून, एकमेकांना जमिनीवर पाडत पुढे जाण्याचा तो खेळ. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की तो विद्यापीठांच्या नावाने खेळला जातो आणि त्यावर धनिकांचा पैसा एकोणिसाव्या शतकापासून ओतला जात आहे. हार्वर्ड विद्यापीठाला १८९० साली हेन्री ली हिगिन्सन या सावकाराने खेळांसाठी जमीन दिली. १९०३ मध्ये त्या जमिनीवर काँक्रीटचे प्रचंड क्रीडागार उभे राहिले. १८७९ साली पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी एक लाख डॉलर्स दिले होते. माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप तेव्हाही होता, फक्त त्यांच्या हाती मोबाइल नव्हता.

शिकागोची गोष्ट याहून बोलकी आहे. रॉकफेलर यांच्या पैशातून १८९० साली शिकागो विद्यापीठाची स्थापना झाली. ना परंपरा, ना माजी विद्यार्थी, ना नाव. पहिले अध्यक्ष विल्यम हार्पर यांनी ओळखले की नव्या विद्यापीठाचे नाव वर्तमानपत्रांत झळकवायचे तर व्याख्यानांपेक्षा फुटबॉल लवकर उपयोगी पडेल. १८९२ मध्ये त्यांनी अमोस अलोन्झो स्टॅग यांना प्रशिक्षक म्हणून आणले, तेही अध्यापकाचा दर्जा देऊन. मैदानासाठी जागा मिळाली ती मार्शल फील्ड या बड्या व्यापाऱ्याकडून. अनेक वर्षे मैदान त्याच्याच नावाने ओळखले गेले, पुढे त्याला स्टॅग यांचे नाव मिळाले.

पुढे काय झाले? याच विद्यापीठाने १९३९ च्या डिसेंबरात फुटबॉल बंद केला. तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांचे मत असे होते की विद्यापीठाचे आणि या खेळाचे एकमेकांवाचून काही अडत नाही. मैदान ओस पडले. आणि ज्या प्रेक्षागाराच्या पायऱ्यांवर कधीकाळी हजारोंचा जल्लोष होत असे, त्यांच्याच खालच्या एका बंदिस्त खोलीत २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवनिर्मित अणुभट्टीतली पहिली शृंखला-अभिक्रिया घडवून दाखवली. देणगीदाराला आपल्या पैशाचे पुढे काय होईल हे कधीच ठाऊक नसते, याचे इतके नाट्यमय उदाहरण मला दुसरे माहीत नाही. अर्थात हा विषयांतराचा मोह आहे, परत येतो.

शिकागोने जे सोडले ते इतरांनी घट्ट धरले. कार्नेगी फाउंडेशनने १९२९ साली अमेरिकेतल्या कॉलेज-क्रीडेवर सविस्तर अहवाल काढला होता. खेळाडूंना आडमार्गाने पैसे आणि सवलती पुरवल्या जातात आणि त्यात माजी विद्यार्थ्यांचा मोठा हात असतो, हे त्यात स्पष्ट नोंदवले होते. अहवाल गाजला, व्यवहार चालू राहिला. असा पैसा पुरवणाऱ्यांना तिकडे 'बूस्टर' म्हणतात. आपल्याकडे आश्रयदाता हा भारदस्त शब्द आहे. बूस्टर म्हणजे आश्रयदाता आणि हितसंबंधी यांच्या मधला कुणीतरी.

या मधल्या प्रदेशात काय उगवते ते पाहायचे असेल तर डलासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा इतिहास वाचावा. तिथल्या बूस्टरांनी खेळाडूंना वर्षानुवर्षे गुपचूप पैसे दिले. एकदा शिक्षा झाली, तरी देणे थांबले नाही. अखेर १९८७ साली विद्यापीठाचा फुटबॉलचा संपूर्ण हंगामच रद्द करण्यात आला आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाने स्वतःहून संघ उतरवला नाही. त्यानंतर टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी जाहीर कबुली दिली की विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख असताना ही देणी चालू ठेवण्याच्या निर्णयात ते स्वतः सहभागी होते. कारण काय? मुलांना शब्द दिला होता, तो मोडायचा कसा! अप्रामाणिक व्यवहार प्रामाणिकपणे पाळण्याची ही तऱ्हा आपल्याला अगदीच अपरिचित नाही.

दुसरीकडे उघड, कायदेशीर आणि अवाढव्य देणग्याही आहेतच. तेलसम्राट बून पिकन्स यांनी ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या क्रीडाविभागाला साडेसोळा कोटी डॉलर्स एकरकमी दिले, तेव्हा २००५ साल संपत आले होते. तिथल्या क्रीडागाराला त्यांचे नाव त्याआधीच लागलेले होते. आकडा वाचून डोळे फिरतात. पण मला तो वाचताना एक चाळीस हजारांची देणगी आठवते.

आता भांडुप. २००१ सालचा पावसाळा. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या जिमखान्याचा सेक्रेटरी होतो. ज्यांनी मुंबईतल्या उपनगरी कॉलेजात शिक्षण घेतले त्यांना जिमखाना म्हणजे काय हे सांगायला नको: एक कॅरम बोर्ड, एक टेबल टेनिसचे टेबल, कपाटात कुलूपबंद ढाली, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमधून कापली जाणारी जिमखाना फी, जिचा पत्ता कुणालाच नसतो. फुटबॉलच्या वाट्याला चार चेंडू आले होते. त्यांतल्या एकाची शिवण उसवलेली होती.

आमचा सराव टेंभीपाड्याच्या वरच्या अंगाला एका उतरत्या पटांगणात चाले. जून ते सप्टेंबर तिथे गुडघाभर चिखल असे आणि बाकीचे आठ महिने खडी. संघातली बरीच मुले भांडुपचीच होती. वडील कुठल्या ना कुठल्या कारखान्यात होते, किंवा कारखाना बंद पडल्यावर रिक्षा चालवत होते. आमचा डावा बचावपटू खिंडीपाड्याच्या चढावर राहायचा. पहाटे वर्तमानपत्रांची लाइन टाकून, मग सराव, मग कॉलेज. उंचीने बेताचा, पण त्याच्या बाजूने चेंडू पुढे गेलेला मी फार थोड्या वेळा पाहिला.

त्या वर्षी एका कंत्राटदार गृहस्थांनी संघाला चाळीस हजार रुपये दिले. चाळीस हजार! जर्सी, मोजे, शिनगार्ड, सहा नवे चेंडू आणि सामन्याच्या दिवशी वडापाव नव्हे तर चक्क जेवण. जर्सीच्या पाठीवर त्यांच्या फर्मचे नाव होते, त्याला कुणाचीच हरकत नव्हती. त्यांचा पुतण्या प्रथम वर्षाला होता आणि तोही डाव्या बाजूने खेळायचा. कुणी काही बोलले नाही. म्हणजे खरोखरच कुणी काही बोलले नाही. चहा पिताना फक्त एवढेच विचारले गेले, "आमचा छोटा कसा काय खेळतो?" मी म्हणालो, "छान खेळतो, काका."

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी अठरा जणांची यादी द्यायची होती. क्रीडाशिक्षकांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तूच लिही, मी सही करतो." यादी माझ्या हस्ताक्षरात आहे. सोळा नावे आपोआप लिहिली गेली. सतरावा गोलरक्षक. अठराव्या जागेसाठी दोन नावे होती आणि मी कोणते लिहिले हे तुम्ही ओळखले असेलच. पुतण्या वाईट खेळत नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे. तो वाईट खेळला असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. तो ठीक खेळायचा. दुसरा मात्र चांगला खेळायचा.

ज्याचे नाव गळले त्याने भांडण केले नाही. दुसऱ्या दिवशी मोजे धुऊन, घडी घालून, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आणून दिले. म्हणाला, "हे संघाचे आहेत ना? नव्या मुलाला लागतील." आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. त्याच्यामुळे जिंकलो असतो असे मी म्हणणार नाही, तसा दावा करणे म्हणजे स्वतःच्या अपराधाला उगाच मोठे करणे. पण पुढच्या वर्षी तो सरावाला आला नाही.

तर हा माझा डलास. चाळीस हजारांत काय विकत घेतले गेले? अठरावी जागा. आणि ती विकणारा कंत्राटदार नव्हता, मी होतो.

आता आपल्याकडच्या इतिहासाकडे वळू. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या खेळांवर खासगी पैसा खर्च झालाच नाही असे नाही. मात्र तो वेगळ्या वाटेने आला. सर दोराबजी टाटा केंब्रिजला शिकताना स्वतः उत्तम खेळाडू होते. पुढे ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष झाले. १९१९ साली तिथल्या शर्यतींत शेतकरी घरांतले तरुण अनवाणी धावताना त्यांनी पाहिले, आणि त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाते हे त्यांच्या लक्षात आले. तीन धावपटूंना स्वखर्चाने अँटवर्पच्या ऑलिंपिकला पाठवण्याची तयारी त्यांनी दाखवली. १९२० च्या त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले आणि कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. ज्या देशात ऑलिंपिक संघटना नावाची गोष्टच नव्हती तिथे एका माणसाच्या खिशाने तिची जागा घेतली होती.

दुसरे उदाहरण विद्यापीठांचे. मुंबईच्या बारिया नावाच्या पारशी गृहस्थांनी आपला मुलगा रोहिंटन याच्या स्मरणार्थ आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठी चषक दिला. १९३५ पासून रोहिंटन बारिया करंडक खेळला जाऊ लागला. आपल्या कसोटी क्रिकेटपटूंच्या कित्येक पिढ्या त्या करंडकातून वर आल्या. त्यावर नाव आहे खरे, पण ते देणाऱ्याचे नव्हे, गेलेल्या मुलाचे. आमच्या ग्रुपवर मी हे उदाहरण दिले तेव्हा एकाने लगेच लिहिले, "म्हणजे नाव द्यायला हरकत नाही तर!" त्याचेही बरोबर आहे. नाव देणे हा गुन्हा नाही. चषकाला कुणाचा पुतण्या खेळवता येत नाही, एवढाच फरक.

आणि आता कोल्हापूर. खाशाबा जाधव यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, अशी माझी खात्री आहे. शाळेच्या पुस्तकापासून रीलपर्यंत ती सगळीकडे आहे. मला तीच गोष्ट पैशाच्या बाजूने सांगायची आहे, कारण ती तशी क्वचित सांगितली जाते.

खाशाबांचा जन्म १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. कराडच्या टिळक हायस्कूलात शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. हे साधे कॉलेज नव्हे. संस्थानाच्या आश्रयाखाली वाढलेले, गोपाळ कृष्ण गोखले जिथे शिकले ते हे कॉलेज. शहर तर कुस्तीचेच. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ पासून उभे होते. असे सांगतात की अंगाने लहान असल्यामुळे कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत खाशाबांना उतरवायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते आणि प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी त्यांना परवानगी दिली. खाशाबांनी आपल्याहून मोठ्या मल्लांना चीत केले. (यादीत कुणाचे नाव लिहायचे, हा प्रश्न तिथेही आला होता, हे लक्षात घ्या.)

१९४८ साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. तोवर मातीत खेळलेला हा तरुण मॅटवर उतरला आणि सहावा आला. त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा मात्र खाशाबांना गावोगाव फिरून पैसे मागावे लागले. का? चार वर्षांत असे काय बदलले?

याचे उत्तर एका तारखेत आहे: १ मार्च १९४९. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तालमी, मल्लांचे खुराक, मैदाने, कॉलेज यांना पोसणारी राजाश्रयाची व्यवस्था तिथे संपली. ती संपणे योग्यच होते, लोकशाहीत खेळाडूचे नशीब महाराजांच्या मर्जीवर असू नये. पण तिची जागा घेणारी व्यवस्था अजून जन्मली नव्हती. अखिल भारतीय क्रीडा परिषद स्थापन झाली १९५४ साली. म्हणजे १९४९ ते १९५४ ही पाच वर्षे अशी होती की जुना आश्रयदाता निघून गेला होता आणि नवा अजून यायचा होता. हेलसिंकी ऑलिंपिक नेमके या पोकळीत आले.

या पोकळीत खाशाबा उभे होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे चार हजार रुपयांची विनंती केली तेव्हा 'स्पर्धा झाल्यावर भेटा' असे उत्तर मिळाले, असे सांगितले जाते. गोळेश्वर आणि कराड परिसरात वर्गणी फिरली. आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

सात हजार म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: त्या काळी दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आत मिळत असे. म्हणजे ही रक्कम निदान सातशे ग्रॅम सोन्याइतकी झाली. एका प्राचार्याने, पगारदार माणसाने, आपल्या कॉलेजात शिकलेल्या एका मुलासाठी हा भार अंगावर घेतला. मिळकतीच्या प्रमाणात मोजली तर पिकन्स यांची देणगी याच्यापुढे किरकोळ ठरेल.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात फ्रीस्टाइल कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. सुवर्ण जपानच्या शोहाची इशी यांना आणि रौप्य सोव्हिएत संघाच्या मल्लाला मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, वाट पाहावी लागली. त्याच हेलसिंकीत माणगावे नावाचे आणखी एक मराठी मल्ल वरच्या वजनगटात चौथे आले. पदक एका पायरीने हुकले आणि त्यांचे नाव आज इतिहासप्रेमींनाही शोधून काढावे लागते. अँटवर्पचे शिंदे, हेलसिंकीचे माणगावे: आपल्या कुस्तीच्या इतिहासात चौथ्या क्रमांकाचे एक वेगळे दुःख आहे. त्यावर स्वतंत्र थ्रेड लिहायचा आहे.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कराड तालुक्यातले. साठच्या दशकात ते भांडुपला आले आणि आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात लागले. (लाल बहादूर शास्त्री मार्ग हे नाव त्यांच्या तोंडी कधीच बसले नाही.) खाशाबांची मिरवणूक त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिली होती. बैलगाड्यांचा आकडा कुणी शंभर सांगतो, कुणी १५१. आजोबा म्हणायचे, "मोजतंय कोण? धुळीनं काय दिसत होतं?" पण एक आकडा ते कधी विसरले नाहीत. "आम्ही चार आणे दिले होते," ते म्हणायचे, आणि असे म्हणायचे की जणू पदकाचा एक कोपरा त्यांच्या ट्रंकेत ठेवलेला आहे. चार आण्यांच्या बदल्यात त्यांना आयुष्यभर पुरेल असे काहीतरी मिळाले होते. सात हजारांच्या बदल्यात खर्डेकरांना काय मिळाले असेल?

त्याचे एक उत्तर नोंदलेले आहे. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः खेळले, जिंकले, आणि त्या पैशातून खर्डेकरांचे कर्ज फेडले. म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर ही देणगी नव्हतीच. ते कर्ज होते आणि घेणाऱ्याने ते ऋण म्हणून फेडले. मला ही गोष्ट लहानपणी ऐकताना केवळ मंगल वाटायची. आता तिच्यात एक खंतही दिसते: देशासाठी पदक आणणाऱ्या माणसाने परतल्यावर पहिले काम काय केले, तर प्रवासखर्चाची परतफेड. आपण खर्डेकरांच्या त्यागाच्या गोष्टी सांगतो तेव्हा, ते घर गहाण पडण्याची वेळ का आली, हा प्रश्न नकळत बाजूला सारतो. खाशाबा पुढे १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

खर्डेकरांचे नाव आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आहे. वेंगुर्ल्याच्या कॉलेजलाही आहे. भांडुपमधल्या निम्म्या घरांचे गाव कोकणात, त्यामुळे तिथे शिकलेली माणसे आमच्या गल्लीत सहज सापडतात. मी दोघा-तिघांना विचारले, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर कोण? एक म्हणाले, "देणगीदार असतील ना?"

मी हसलो, पण मग वाटले, ते काही अगदीच चुकीचे नाही.

कोल्हापूरचा फुटबॉलही इथे आठवतो, कारण पेठांच्या वर्गणीवर आणि आग्रहावर तो उभा आहे. तिथे संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले. शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ सामना असला की शहर बंद पडते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. पेठेच्या संघात कुणाला खेळवायचे यावरून भांडणे होत नाहीत असे मी म्हणणार नाही, कोल्हापुरात भांडणे होणारच. पण तिथे देणारे हजार असतात. एकाचा पुतण्या सगळ्यांच्या वर बसवायचा तर नऊशे नव्व्याण्णव काकांना समजवावे लागते.

हे सगळे मी ग्रुपवर लिहिले, थोडे संक्षेपात. प्रतिक्रिया समिश्र आल्या. एकाने अंगठा दिला. एकाने विचारले, "मग हिरवळ टाकायची की नाही?" एका जुन्या मित्राने, जो आता चांगल्या हुद्द्यावर आहे, फोन करून शांतपणे सांगितले, "हे बघ, नावाशिवाय पाच लाख कोण देणार? तू देतोस का? आणि तेव्हा ते चाळीस हजार आले नसते तर आपण उसवलेल्या चेंडूने खेळलो असतो." मला उत्तर सुचले नाही. तो खरेच बोलत होता. त्या जर्सी घालून आम्ही खरोखर खूश होतो, मीसुद्धा.

मसुद्यात मी दोन ओळी घालायला सुचवल्या आहेत: नाव पाटीवर लागेल, पण संघनिवडीच्या कुठल्याही समितीवर देणगीदार किंवा त्याचा नातेवाईक असणार नाही, आणि जमलेल्या रकमेचा एक भाग खेळाडूंच्या प्रवासाला आणि खुराकाला बाजूला काढला जाईल. पहिल्या ओळीवर वाद चालू आहे. "हे लिहिले तर संशय घेतल्यासारखे दिसेल," असे एकाचे म्हणणे. दिसू दे, असे माझे. दुसरी ओळ सगळ्यांना लगेच पटली, कारण ती कुणाला लागू होत नाही.

तो डावा बचावपटू मला गेल्या वर्षी भांडुप स्टेशनच्या पुलावर भेटला होता. आता त्याचा पेपर आणि मासिकांचा स्वतःचा स्टॉल आहे, मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या संघात खेळते. "कुठल्या जागी?" मी विचारले. "डावीकडेच," तो म्हणाला. यादीबद्दल आम्ही काही बोललो नाही. बोलायला हवे होते, आणि सुरुवात मीच करायला हवी होती. गाडी आली, तो चढला.

माझी स्वतःची देणगी, पाच लाखांच्या मानाने फारच थोडी, मी परवा देऊन आलो. पावतीपुस्तक तेच जुने, निळ्या कार्बनचे. 'प्रयोजन' या रकान्यात काय लिहू असे कारकुनाने विचारले. मी म्हणालो, "फुटबॉल. मोजे आणि प्रवासखर्च." त्याने नुसते 'जिमखाना' असे लिहिले आणि पावती फाडून दिली. निधीची बैठक पुढच्या रविवारी आहे.